गाडी धुतल्यावर पांढरे डाग पडू नयेत म्हणून पाणी कसं काढायचं: घरी पहिल्यांदा गाडी धुणाऱ्यांसाठी

नवी गाडी घेतली, सोसायटीतला गाडी पुसणारा एकाच बादलीत पाच गाड्या उरकतो हे बघून ठरवलं की आपली गाडी आपण धुवायची, रविवारी सकाळी उठून तासभर घाम गाळला, शॅम्पू लावला, पाईप मारला, आणि वर जाऊन चहा घेऊन परत खाली आलात तर बोनेटवर, छतावर, काचांवर सगळीकडे पांढरे गोल ठिपके. बऱ्याच जणांचं इथेच मन उडतं आणि गाडी परत त्या बादलीवाल्याकडे जाते. तसं करू नका. तुमच्या धुण्यात काही खोट नाहीये, धुवून झाल्यावरच्या पंधरा-वीस मिनिटांत काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं एवढंच. मी स्वतःची काळी गाडी बोअरच्या पाण्याने घरीच धुते, आणि काळा रंग नि बोअरचं पाणी या दोन गोष्टी जमल्या की बाकी कुठलीही गाडी जमते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

डाग कशाचे असतात ते आधी बघून घ्या

पाणी वाळतं म्हणजे पाणी हवेत उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार उडून जात नाहीत, ते तिथेच पत्र्यावर बसतात. मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. गीझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडाला, बाथरूमच्या काचेवर जो पांढरा थर धरतो तोच हा. उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटवरचा एकच थेंब जरा नीट बघा, तो कडेकडेने आधी वाळायला लागतो, आतलं पाणी कडेला ओढलं जातं, क्षारही त्याच्याबरोबर कडेला जातात, आणि शेवटी बांगडीसारखी एक पांढरी कड उरते, मधे जवळजवळ स्वच्छ. म्हणून डाग गोल दिसतात.

आता तुमच्याकडे पाणी कुठलं येतं यावर सगळं अवलंबून आहे. पुण्यात कॉर्पोरेशनचं खडकवासल्याचं पाणी येत असेल किंवा मुंबईत धरणाचं पाणी असेल तर ते बऱ्यापैकी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, डाग कमी पडतात. पण वाघोली, बाणेर, हिंजवडी या बाजूला बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात, तिथे आज एक पाणी तर उद्या दुसरं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना तर मी काय सांगणार, तिथलं पाणी नुसतं हाताला लागलं तरी कळतं.

पाणी किती जड आहे हे ढोबळमानाने मोजायचं असेल तर पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) मिळतो, दोन-तीनशे रुपयांपासून, एकदा घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस 10500, त्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालतो. आता हिशोब करा, 500 म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम. धुतल्यावर गाडीवर लिटरभर पाणी राहिलं आणि तसंच वाळलं तर अर्धा ग्रॅम पांढरी पूड तुमच्या पत्र्यावर पसरली. म्हणजे पाणी पिण्यालायक असलं तरी गाडीवर डाग पाडणारच, त्यामुळे "आमच्याकडे पाणी चांगलं आहे" यावर विसंबू नका.

माझा स्वतःचा अंदाज असा: मीटर 100 च्या आत दाखवत असेल तर आरामात पुसा, 100 ते 300 असेल तर हात भरभर चालवा, 300 च्या वर असेल तर शेवटचं पाणी वेगळं वापरा (ते पुढे येतंय).

एक गोष्ट खूप जणांना गोंधळात टाकते. सोसायटीत पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवलाय तरी मीटरवर आकडा तेवढाच का? कारण सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. त्यामुळे डाग तरीही पडतात, पण ते ओल्या फडक्याने पटकन निघतात, चिकटून बसत नाहीत. सॉफ्टनर चालत नाहीये असं समजून सेक्रेटरीशी भांडायला जाऊ नका.

काय काय लागेल

- गाडी पुसायचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल, साधारण 60 बाय 90 सेंटिमीटरचा. एक पुरतो, एसयूव्ही असेल तर दोन घ्या
- तीन-चार छोटे मायक्रोफायबर फडके: एक काचांना, एक दाराच्या आतल्या कडांना, एक खालच्या भागाला आणि चाकांना. वेगवेगळ्या रंगाचे घ्या म्हणजे आपसात मिसळणार नाहीत
- पाईप, किंवा पाईप नसेल तर प्लास्टिकचा मग आणि बादल्या
- हाताने पंप मारायचा 2 लिटरचा स्प्रे, झाडांना वापरतात तो
- छोटा हवेचा ब्लोअर, असला तर उत्तम, नसला तरी चालतं
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो
- किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, फक्त जुन्या डागांसाठी

आणि काय नको ते पण सांगते. जुना बनियन, फाटकी साडी, पंचा, आंघोळीचा टॉवेल, यातलं काहीही गाडीच्या पत्र्याला नको. सुती कापड पाणी पितं पण लगेच भरतं, मग ते पाणी इकडून तिकडे फिरवत बसतं, आणि शिवण, बटण, कडक झालेली कड असेल तर ओरखडे पण देतं. शॅमॉय म्हणून जे पिवळं गुळगुळीत रबरासारखं कापड डब्यात मिळतं त्याला केसच नसतात, धूळ आत घ्यायला जागाच नाही, एखादा वाळूचा कण खाली राहिला की तो पत्र्यावर घासतच जातो. पूर्वी तेच एक मिळायचं म्हणून सगळे वापरायचे, आता गरज नाही. रबराची पट्टी काचेला ठीक आहे, पत्र्याला लावू नका.

टॉवेल घेताना तीन गोष्टी बघा. जाडी जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम) लिहिलेली असते, पुसायच्या टॉवेलला 500 च्या वर बघा, पीळ दिलेल्या धाग्यांचे 1000-1200 वाले मिळतात ते पाणी खूपच ओढतात. मटेरियल 70-30 किंवा 80-20 असं लिहिलेलं असतं, त्यातला छोटा आकडा पॉलिअमाइडचा, तो जास्त असेल तर टॉवेल मऊ आणि पाणी पिणारा. काहीच लिहिलेलं नसेल तर कोरड्या तळहातावरून टॉवेल फिरवा, चांगला मायक्रोफायबर कातडीला किंचित अडकल्यासारखा लागतो. तिसरं म्हणजे कड. जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली कड नको. लेबल असेल तर घरी आल्याआल्या कापून टाका, ते लेबलच ओरखडे पाडतं. आणि नवा टॉवेल थेट गाडीला लावू नका, एकदा धुवून घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी गाडीभर तंतू.

पैसे वाचवायचे असतील तर शॅम्पूत वाचवा, टॉवेलमध्ये नको.

पायरी 1: वेळ आणि जागा

सकाळी सातच्या आधी किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. मार्च ते मे या काळात तर दुसरा पर्यायच नाही, एप्रिलमध्ये सकाळी नऊला विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याला हात लावून दाखवा. नियम सोपा आहे, बोनेटवर तळहात ठेवा, गरम लागला तर थांबा. ऑफिसातून आल्याआल्या धुवायला घेऊ नका, सावलीत उभी असली तरी इंजिनमुळे बोनेट अर्धा तास तरी तापलेलं असतं, आणि त्यावर पाणी पुसायच्या आत वाळतं.

जोराचा वारा असेल तरी टाळा. वारा पाणी वाळवतो आणि वर धूळ आणून टाकतो.

बेसमेंटमध्ये पार्किंग असेल तर सावली आयती मिळते, फक्त वर स्लॅब गळतोय का बघा. स्लॅबमधून टपकणारं पाणी सिमेंटमधला चुना घेऊन येतं, त्याचा डाग नुसत्या बोअरच्या पाण्याच्या डागापेक्षा कितीतरी हट्टी असतो आणि रंगालाही खातो. असा थेंब दिसला तर आठवड्याच्या धुण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी भरपूर पाण्याने काढा आणि गाडीची जागा बदलून मागा.

पायरी 2: धुताना भाग पाडून धुवा

धुणं हा आजचा विषय नाही म्हणून थोडक्यात. आधी नुसतं पाणी मारून धूळ खाली जाऊ द्या, मग दोन बादल्या, एकात शॅम्पू, एकात स्पंज खळबळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, त्याने पत्र्यावर लावलेलं व्हॅक्स (रंगावरचा मेणासारखा संरक्षक थर) निघून जातं आणि मग पाणी घरंगळायच्या ऐवजी पसरून चिकटून राहतं, म्हणजे पुढचं पुसायचं काम दुप्पट.

महत्त्वाचं एवढंच की अख्ख्या गाडीला फेस लावून मग अख्खी गाडी धुवायची नाही. छत आणि काचा, धुवा. बोनेट, धुवा. एक बाजू, धुवा. आणि धुतलेला भाग वाळायला लागलाय असं वाटलं तर त्यावर परत मगभर पाणी मारा. ऐकायला उलटं वाटतं, पण पुसायची वेळ येईपर्यंत गाडी ओलीच राहायला हवी. ओल्या पत्र्यावर डाग पडत नाही, अर्धवट वाळलेल्यावर पडतो.

पायरी 3: शेवटचं पाणी कसं मारायचं

ही युक्ती फुकट आहे आणि निम्मं काम करते, तरी फार कमी लोक करतात. पाईपचं तोंडाचं नोझल काढून टाका. फवारा मारला की पत्र्यावर हजारो बारीक थेंब बसतात आणि प्रत्येक थेंब म्हणजे एक डाग. त्याऐवजी उघड्या पाईपने, दाब कमी ठेवून, छताच्या मधोमध पाणी सोडा, पाईपचं तोंड पत्र्याच्या अगदी जवळ धरा पण टेकवू नका, आणि हळूहळू पुढे सरका. पाण्याची सलग चादर तयार होते आणि ती खाली जाताना बाजूचे सगळे थेंब आपल्याबरोबर ओढून नेते. मागे पत्रा जवळजवळ कोरडा राहतो. गाडीवर व्हॅक्स असेल तर हे बघायलाच मजा येते, पाणी एका दमात कडेपर्यंत सरकतं.

पाईप नसेल, किंवा उन्हाळ्यात पाणीटंचाईमुळे सोसायटीने पाईपने गाडी धुवायला बंदी केली असेल (आणि ती पाळायलाच हवी), तर मगाने पण हेच होतं. मगातलं पाणी उंचावरून फेकायचं नाही, मग छताच्या कडेला टेकवल्यासारखा धरून हळू ओतायचं.

पायरी 4: पाणी फारच जड असेल तर

मीटर 300 च्या वर दाखवत असेल तर धुवा बोअरच्या पाण्यानेच, पण शेवटचे 4-5 लिटर मऊ पाण्याचे. ते कुठून आणायचं?

सगळ्यात चांगला आणि फुकटचा मार्ग म्हणजे एसीच्या ड्रेन पाईपमधून टपकणारं पाणी. हवेतली वाफ थंड कॉइलवर गार होऊन पाणी होते, म्हणजे त्यात क्षार जवळपास नसतातच. दमट दिवसांत, खासकरून मुंबई-कोकणात, रात्रभर एसी चालला तर काही लिटर सहज जमतं. खाली कॅन लावून ठेवा, कॉइलवरची धूळ पाण्यात येते म्हणून पातळ फडक्यातून गाळा, आणि ताजं असतानाच वापरा, आठवडाभर साठवलं तर शेवाळ धरतं. पावसाचं पाणीसुद्धा मऊच, फक्त पहिल्या पावसाचं घेऊ नका, त्यात हवेतली आणि गच्चीवरची सगळी धूळ असते.

हे पाणी स्प्रेमध्ये भरून छतापासून खाली मारायचं, बोअरचं पाणी त्याच्याबरोबर वाहून जाईपर्यंत. छत, काचा, बोनेट आणि डिक्कीवर जास्त, खालच्या भागावर नुसतं फिरवलं तरी चालतं. एसी नसेल तर डिस्टिल्ड पाणी, पण ते अख्ख्या गाडीला परवडत नाही, त्यामुळे फक्त बोनेट आणि काचांना.

आता सापळा. घरच्या आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ते बादलीत साठवून त्याने गाडी धुवायची असा सल्ला सगळीकडे मिळतो. पाणी वाचवायचा विचार शंभर टक्के बरोबर आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, कारण आरओने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच टाकलेले असतात. ते पाणी सुरुवातीला चिखल काढायला, चाकांना, मडगार्डच्या आत जरूर वापरा. शेवटचं पाणी म्हणून अजिबात नको. फरशी पुसायला तर ते छानच आहे.

पायरी 5: टॉवेल पसरा, ओढा, घासू नका

आता खरं काम. मोठा टॉवेल आधी किंचित ओला करून घट्ट पिळून घ्या, एकदम कोरडा मायक्रोफायबर सुरुवातीला पाणी पुढे ढकलतो, जरासा ओलसर असला की लगेच ओढायला लागतो.

बोनेटवर टॉवेल पूर्ण उलगडून पसरा. वरून हात दाबायचा नाही. जवळची दोन टोकं दोन हातांत धरा आणि हळू आपल्याकडे ओढा, एका दमात, मधे न थांबता. टॉवेलच्या स्वतःच्या वजनानेच पाणी ओढलं जातं. मागे अगदी पातळ ओल दिसेल, ती चार-पाच सेकंदांत नाहीशी होते, तिचा डाग पडत नाही कारण तेवढ्या पाण्यात क्षार कितीसे असणार. छताला पण हेच, गाडी उंच असेल तर दाराच्या उंबऱ्यावर उभं राहा, पण पॅन्टचा पट्टा पत्र्याला लागत नाहीये ना बघा.

दारं आणि बाजू उभ्या असतात, तिथे टॉवेलची चार पदरी घडी करा आणि टिपा, शाई टिपकागदाने टिपतो तसं, दाबा, उचला, पुढे. गोल गोल घासायची सवय सगळ्यांना असते, ती सोडा. गोल घासण्यानेच उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसायला लागतात, आणि काळ्या गाडीवर त्या डागांपेक्षा जास्त खुपतात.

क्रम कसा? पुस्तकी नियम वरून खाली. मी उन्हाळ्यात बोनेट आणि छत आधी घेते कारण तिथे पाणी सगळ्यात आधी वाळतं, मग काचा, मग डिक्की, मग दारांचा वरचा अर्धा भाग. थंडीत आणि पावसाळ्यात घाई नसते, तेव्हा सरळ छतापासून. दारांच्या खालच्या भागाला हा टॉवेल लावायचाच नाही, तिथे कितीही धुतलं तरी डांबराचे, मातीचे कण राहतात. तिथे वेगळा फडका.

टॉवेल जड झाला की पिळा. आणि जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो संपला, कितीही झटकला तरी. बारीक खडे धाग्यांत अडकतात आणि झटकून जात नाहीत.

पायरी 6: लपलेलं पाणी

गाडी चकाचक पुसली, घरी गेलो, परत आलो तर दारावर हँडलखालून पांढरा ओघळ. हा सगळ्यांनाच येणारा अनुभव, आणि याचं कारण पुसण्यात नाही, पाणी कुठे दडून बसतं त्यात आहे. ठिकाणं ठरलेली आहेत:

साइड मिरर, हा नंबर एक. मिररच्या काचेमागे आणि घडीच्या फटीत पाणी साठतं आणि गाडी हलली की दारावर ओघळतं. मिरर आत-बाहेर दोनदा करा, काचेच्या कडेला फडक्याचं टोक घालून टिपा. मग दाराचं हँडल आणि त्यामागची वाटी. पेट्रोलचं झाकण उघडून आतून पुसा. नंबर प्लेटच्या मागे, टेल लॅम्पच्या फटी, समोरची जाळी, कंपनीचा लोगो, छतावरच्या पट्ट्यांखाली, वायपरच्या बुडाशी जो खोलगट भाग असतो तिथे. चाकांच्या नटांचे खड्डे.

ब्लोअर असेल तर इथेच त्याचा खरा उपयोग, पाच मिनिटांत सगळ्या फटी मोकळ्या होतात. तोंड पत्र्यापासून हातभर लांब ठेवा, आणि जमीन मातीची असेल तर खालच्या बाजूला मारू नका, सगळी धूळ ओल्या गाडीवर येते. आणि ब्लोअरची वायर पायाखालच्या पाण्यातून जाऊ देऊ नका. ब्लोअर नसेल तर सोपा उपाय: सोसायटीच्या आत गाडीची एक फेरी मारा, दोन-तीनदा हलके ब्रेक दाबा. लपलेलं पाणी बाहेर पडतं, आणि ब्रेकच्या डिस्कपण कोरड्या होतात, नाहीतर रात्रीतून त्यावर तांबूस गंज दिसतो (तो वरवरचा असतो, घाबरू नका, पहिल्या एक-दोन ब्रेकमध्ये निघून जातो). मग परत येऊन ओघळ टिपायचे.

पायरी 7: दारं, डिक्की, बोनेट उघडा

चारही दारं उघडून आतल्या कडा, उंबरा, रबर पुसा. डिक्कीच्या रबराखाली खूप पाणी असतं, उघडताना ते आत सामानावर पडतं म्हणून हळू उघडा. दाराच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात, पाणी निचरायला दिलेली, ती मातीने बुजली असतील तर टूथपिकने मोकळी करा. ती बंद राहिली तर पाणी दाराच्या आत साठतं आणि पत्रा आतून गंजतो, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. पाच-दहा मिनिटं दारं उघडीच ठेवा.

पायरी 8: काचा सगळ्यात शेवटी

काचांचा फडका वेगळाच, ज्या फडक्याला व्हॅक्स किंवा पॉलिश लागलंय तो काचेला लावला की रात्री समोरून लाइट आला की धुरकट दिसतं. आधी मोठ्या टॉवेलने पाणी टिपलेलं असेलच, आता डिस्टिल्ड पाण्याचे दोन फवारे मारून कोरड्या फडक्याने पुसा. बाजूच्या काचा दोन बोटं खाली करून वरची कड पुसायला विसरू नका, ती कड नेहमी राहते आणि तिथेच पांढरी रेघ दिसते. वायपर उचलून त्याचं रबर पण पुसा.

डाग आधीच पडलेले असतील तर

कोरडा डाग कोरड्या फडक्याने घासू नका, क्षाराचे बारीक कण असतात ते, रंगावर ओरखडे पडतात.

ताजा, म्हणजे आजचा डाग, डिस्टिल्ड किंवा एसीच्या पाण्याने ओला करा, अर्धा मिनिट थांबा, टिपून घ्या. बहुतेक वेळा एवढ्यात जातो.

नाही गेला तर व्हिनेगर. एक भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग डिस्टिल्ड पाणी. कॅल्शियमचा थर आम्लात विरघळतो, इतकं साधं आहे ते. गाडी सावलीत, पत्रा थंड. फडका भिजवून डागावर एक-दोन मिनिटं नुसता ठेवा, घासू नका, मग हलक्या हाताने पुसून लगेच भरपूर पाण्याने, शॅम्पूने धुवा आणि परत कोरडं करा. आधी कोपऱ्यात छोट्या जागी करून बघा. मॅट रंगाला, नुकत्याच रंगवलेल्या भागाला आणि क्रोम-ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना लावू नका. व्हिनेगरने व्हॅक्सपण उतरतं, तिथे परत लावावं लागतं.

त्यानेही गेला नाही आणि उन्हात तिरकं बघितल्यावर डागाच्या जागी खळगा दिसत असेल तर क्षाराने वरचा पारदर्शक थर खाल्लाय. तो घरी जात नाही, पॉलिश मशीनवाल्याकडे जा. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचाच असतो, प्रत्येक पॉलिशला थोडा कमी होतो, त्यामुळे उठसूट पॉलिश करायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

संडास साफ करायचं लिक्विड, टाइल्सचं ॲसिड, भांड्यांची घासणी, टूथपेस्ट, लिंबू लावून उन्हात ठेवणं, हे सगळं लोक सांगतात. यातलं काहीही करू नका. ॲसिड डाग काढतं आणि बरोबर गाडीचा रंग, रबर नि ट्रिमपण घेऊन जातं.

व्हॅक्स आणि कोटिंगबद्दल

दोन-तीन महिन्यांतून एकदा साधं व्हॅक्स लावलं तर पाणी पत्र्याला कमी चिकटतं आणि पायरी 3 आणि 5 खूप सोपी होतात, जरूर लावा. पण "सिरॅमिक कोटिंग करा, मग गाडी पुसायची गरजच नाही" असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. कोटिंगवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, आणि तेच थेंब उन्हात वाळले तर प्रत्येकाचा ठसठशीत डाग कोटिंगवर बसतो. हजारो रुपये घालवून कोटिंग केलेली गाडी तर जास्तच काळजीने पुसावी लागते.

पायरी 9: टॉवेल धुणं

हे टाळलंत तर दोन महिन्यांत टॉवेल बाद. मायक्रोफायबर नेहमी वेगळा धुवा, सुती कपड्यांबरोबर टाकला की त्यांचे तंतू धाग्यांत अडकतात आणि पुढच्या वेळी गाडीभर लिंट. गार किंवा कोमट पाणी, थोडं लिक्विड डिटर्जंट. कंडिशनर अजिबात नाही, ते धाग्यांवर थर चढवतं आणि टॉवेल पाणी पिणं बंद करतो. इस्त्री नाही, धागे वितळतात. चाकांचा फडका बाकीच्यांबरोबर धुवायचा नाही. तुमच्याकडे पाणी जड असेल तर टॉवेलमध्येही क्षार बसतात आणि तो हळूहळू खरखरीत होतो, मग महिन्यातून एकदा पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवून ठेवा आणि नंतर साध्या पाण्याने खळबळा. सावलीत वाळवा, पूर्ण वाळला की झिपच्या पिशवीत घालून डिक्कीत न ठेवता घरातच ठेवा, डिक्कीत धूळ लागते.